वस्तऱ्यासाठी जुना बार्बर होन: स्वाटी ठेवू की कार्बोरंडम?

ओहायोकर
मंडळी सल्ला हवाय. वस्तऱ्याने दाढी करतो, म्हणजे सलूनमधला अर्धं ब्लेड घालायचा तो नाही, खरा पात्याचा, जर्मनीतल्या सोलिंगेनचा, पातं ५/८ इंच रुंद. रोज चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला की मस्त चालतो पण दोनेक महिने झाले की हनुवटीखाली ओढायला लागतो. तेवढ्यासाठी १०००, ४०००, ८०००, १२००० ग्रिटचे (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) असे सगळे दगड भिजवून बसायला सकाळी वेळ कुणाला असतो. इथल्या अँटिक मॉलमध्ये जुन्या न्हाव्यांचे छोटे होन, म्हणजे धार लावायचे दगड, मिळतात, त्यातले दोन कंपन्यांचे दोन घेतलेत, एक तीन ओळींचा छाप असलेला स्वाटी आणि एक कार्बोरंडम १०१. एक मी ठेवणार, दुसरा पुण्याला भावाला देणार, त्यालाही हाच नाद आहे. पण कुठला सरस हे घरच्या घरी तपासायचं कसं? ग्रिटचा आकडा जो तो वेगळा सांगतोय.

गारगोटी
आधी ते ग्रिटचे आकडे डोक्यातून काढ. हे भट्टीत भाजलेले कृत्रिम दगड आहेत आणि आज त्यांना जे आकडे चिकटवतात ते लोकांचे अंदाज आहेत. एकाच कंपनीचे दोन होन, एक वापरून गुळगुळीत झालेला आणि दुसरा कुणीतरी रफ पेपरवर घासून ठेवलेला, वस्तऱ्याला अगदी वेगळे लागतात. आतली पावडर किती बारीक याच्याइतकंच वरचा पृष्ठभाग कसा आहे हे बघावं लागतं, त्यामुळे दोन्ही एका पातळीवर आणल्याशिवाय तुलना करूच नकोस.

तुझे दोन्ही होन चांगल्या घराण्यातले आहेत. स्वाटी मारिबोरचा, कारखाना १८७९ चा, तेव्हा ते गाव ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं म्हणून जुन्या होनवर ऑस्ट्रिया छापलेलं दिसतं, आज ते स्लोव्हेनियात आहे. कार्बोरंडम म्हणजे अ‍ॅचेसन या अमेरिकन संशोधकाची कंपनी. त्याने १८९१ मध्ये पेनसिल्व्हेनियात माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे घासायला वापरतात तो अतिशय कठीण पदार्थ, काढलं आणि मग स्वस्त विजेसाठी सगळा पसारा नायगाराला हलवला. माझ्या हाताला कार्बोरंडम जरा जास्त खाणारा लागतो आणि स्वाटी मऊ धार देतो, पण तुझ्या हातातले दगड तू स्वतःच बघ.

पहिलं काम, गरम पाणी आणि भांड्याचा साबण घेऊन ब्रशने घास, जुन्या होनमध्ये तेल आणि फेस मुरलेला असतो. मग कडांवरून नख फिरव. टवका उडालेला असेल तर ती कड तिरकी घासून गोल करून टाक, नाहीतर एका फेरीत वस्तऱ्याला दाता पडेल.

टोकदार
गारगोटीला +१. सपाट करायला जाड काचेवर ओला वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) ठेव, होनवर पेन्सिलीने आडव्या उभ्या रेघा मार आणि सगळ्या जाईपर्यंत घास. मधल्या रेघा राहिल्या तर मध्ये खळगा आहे. ४०० ने सुरू करून १०००, २००० पर्यंत न्यायचंच, बरेच लोक ४०० वरच थांबतात आणि मग होन खरखरीत कापतो म्हणून नावं ठेवतात. कोरडं घासू नका, ती धूळ छातीत जाते.

ओहायोकर
धन्स दोघांनाही. हे करतो. पण मग तुलना कशी करू? दंडावरचे केस दोन्हीवर उडतील असं वाटतं.

गारगोटी
उडतीलच, दंडावरचे केस तर ४००० च्या दगडावर लावलेल्या धारेनेही उडतात, त्यावरून शेवटची बारीक धार कशी आहे ते कळत नाही. एकच वस्तरा असेल तर असं कर. आधी १००० ते ८००० च्या दगडांवर धार नीट करून घे, धारेच्या दोन्ही बाजूंना काळं मार्कर लावून बघ, एका फेरीत शाई टोकापासून टाचेपर्यंत एकसारखी गेली पाहिजे. कुठे शाई राहिली तर तिथे दगड लागतच नाहीये, आणि ते बार्बर होनने कधीच सुधारणार नाही, त्याचं काम फक्त दमलेल्या धारेला ताजं करणं. मग स्वाटीवर पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून, फक्त वस्तऱ्याच्या वजनाने पाच सहा फेऱ्या. पट्टा नेहमीइतकाच. दाढी कर. पुढच्या खेपेला पुन्हा ८००० पासून, आणि आता कार्बोरंडम. बाकी साबण, पट्टा, दाढीची वाढ, सगळं तेच ठेव, एका वेळी एकच गोष्ट बदल.

दोन सारखे वस्तरे असतील तर त्याहून छान, एक गाल एकाने आणि दुसरा दुसऱ्याने. फक्त पुढच्या वेळी गालांची अदलाबदल करायला विसरू नकोस, कारण उजव्या हाताच्या माणसाचा उजवा गाल नेहमीच सोपा जातो आणि मग त्याचं श्रेय फुकट दगडाला मिळतं.

बघायचं काय तर वरच्या ओठावर आणि हनुवटीखाली उलट्या दिशेने जाताना ओढतो का, तुरटी लावली की कुठे चुरचुरतं, आणि त्यानंतर नुसत्या पट्ट्यावर धार किती दाढ्या टिकते. मला तरी हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पिंपळपार
आमचं घर नाभिकांचं, सातारकडचं. आजोबांच्या धोकटीत एक काळपट दगड असायचा, बोटभर लांब, मध्ये किंचित झिजलेला. पाण्याचे दोन थेंब टाकून वस्तरा अगदी हलक्या हाताने फिरवायचे आणि मग डाव्या तळहातावर चार वेळा पालटायचे, गिऱ्हाईक समोर बसलेलं असतानाच. दगडाचा आवाज ऐकायचा असं ते सांगायचे. खर्र असा आवाज कमी होत जाऊन सरकल्यासारखा झाला की थांबायचं. आता आमच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड, आणि ते योग्यच आहे, रक्ताचे आजार पसरायला नकोत. पण हाताने लावलेल्या धारेची दाढी वेगळीच. ओहायोकर दादा, फेऱ्या वाढवू नका एवढंच सांगतो. धार लागली नाही म्हणून घासत राहिलात की टोकाला पातळ तार निघते, ती पहिल्या दाढीला भारी वाटते आणि दुसऱ्या दाढीला तुटून चेहरा सोलते.

ओहायोकर
पिंपळपार, हे फार मोलाचं सांगितलंत, आवाजाकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. होनवर पाणी चालेल की साबणाचा फेस? की कोरडाच?

गारगोटी
तिन्ही चालतं. फेसावर वस्तरा तरंगतो, कापणं कमी होतं, म्हणून शेवटच्या दोन तीन फेऱ्यांना फेस उत्तम. तेल मात्र घालू नकोस, मुरलं की काढता काढता नाकी नऊ येतात. तुलना करताना दोन्हीवर एकच काय ते वापर.

टोकदार
आणि भावाला जो होन देशील त्याच्याबरोबर २००० चा पेपर पण पाठव. जुन्या बाजारात त्याला कधी होन मिळालाच तर तोही सपाट करायला कामी येईल. पेन्सिलीच्या रेघा पुसल्यानंतरचा फोटो इथे टाक, खळगा राहिलाय का ते सांगतो.