मागचा सीट बेल्ट हातभर येतो नि अडकतो. मदत हवी (तातडीने!)

चाफेकळी
उद्या पहाटे पाचला गुहागरहून पुण्याला निघायचंय. नणंदेकडून बाळाची कार सीट आणलीय. ती मागे ठेवून पट्टा ओढतेय, तर हातभर येतो आणि खट्‌! सोडला की आत जातो, पुन्हा तेच. नवऱ्याने, दिराने जोर लावून झाला. येताना बाळ माझ्या मांडीवर होतं, जाताना तसं नकोय. गॅरेज बंद. लवकर सांगा प्लीज.

टॉर्क
गाडी कोणती? आयसोफिक्स (पट्ट्याशिवाय बाळाची सीट थेट गाडीला अडकवायची सोय) आहे का? बाळ केवढं?

चाफेकळी
बाळ बाळाएवढंच आहे हो! नऊ महिने, साडेआठ किलो. गाडी २०१४ ची, आयसोफिक्स नाही. पट्ट्याचं बोला ना.

टॉर्क
हिसका दिला की लॉक होणारच, तेच त्याचं काम. पूर्ण आत जाऊ द्या, मग हळू ओढा.

चाफेकळी
गोगलगाईसारखा ओढला. नाही येत.

नानाकाका
फियाटमध्ये आम्ही नऊ जण गणपतीला जायचो, पट्टे कुठे होते? आईची मांडी सगळ्यात सुरक्षित. उगाच ताण घेताय.

शिरीष_ठाणे
नानाकाका, ताशी ५० ने जाणारी गाडी धडकली, तर मांडीवरचं बाळ त्याच वेगाने पुढे जातं. तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखं. कुठल्या आईचे हात धरून ठेवतील? आणि १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब खाली १००० रुपये दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून.

नानाकाका
पहाटे पाचला कोण पावती फाडतंय!

बिनधास्त_बंड्या
खटक्यात अडकवायची क्लिप मिळते, पट्टा न लावल्याचा बीप बंद होतो.

शिरीष_ठाणे
त्या क्लिपा २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतून काढायला लावल्या. भलतं सुचवू नका.

चाफेकळी
अहो, मला बीप येत नाहीये, मला पट्टा येत नाहीये! सीट पुढे ठेवू का? तिथे एअरबॅग आहे.

टॉर्क
मुळीच नको. उलट तोंडाच्या (बाळाचं तोंड मागे असलेल्या) सीटवर एअरबॅग फुटली, तर थेट बाळाच्या डोक्यामागे दणका.

मेथीलाडू
घाटात बाळाला उलटी होते का? आलेपाक द्या.

टॉर्क
नऊ महिन्यांच्या बाळाला आलेपाक??

जांभा
ताई, गाडी उभी कुठे आहे?

चाफेकळी
दारात. का?

जांभा
दार सपाट आहे का?

चाफेकळी
छे, आमचं घर वरच्या अंगाला. गाडी चढावर, नाक वर. मागच्या चाकांना चिरे लावलेत.

जांभा
मग पट्ट्यात बिघाड नाही. पट्टा गुंडाळणाऱ्या डबीत एक छोटी गोळी असते. गाडी फार कलली की ती जागची सरकते आणि पट्टा लॉक होतो. गाडी सपाटीवर घ्या.

चाफेकळी
देवळापुढे आणली. लोण्यासारखा आला!!! इतका वेळ मी नवऱ्यावर चिडत होते. पण सीट उलटी ठेवली की पट्टा वीतभर कमी पडतोय. सरळच ठेवते आता.

टॉर्क
थांबा. एवढ्या बाळाचं तोंड मागच्या काचेकडेच हवं, मान कच्ची असते. पट्टा लाल खुणांतून घेतलाय का? त्या सरळ बसवण्यासाठी. उलटीला निळ्या.

चाफेकळी
हो, लालमधूनच घेतला होता 🤦 निळ्यातून घेतला, पुरला.

टॉर्क
पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा, इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. बाळाचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यावेत. खांद्यावर चिमटीत पट्टा आला तर सैल आहे. जाड स्वेटर घालू नका, वरून पांघरूण घाला. आणि नणंदेला विचारा, ही सीट कधी अपघातात होती का. असेल तर वापरू नका.

चाफेकळी
फोन केला. नव्हती म्हणाली, पण "माझ्यावर विश्वास नाही का?" हेही ऐकवलं.

नानाकाका
कुंभार्लीतून जाणार की ताम्हिणीतून?

चाफेकळी
कुंभार्ली. नवरा विचारतोय, गाडी परत वर नेऊ का. रात्रभर देवळापुढेच राहू दे म्हटलं.