टेक्सासहून न्यू जर्सीला चाललोय, 'पोलिसांच्या' काडतुसांचं काय करू?

प्लेनोकर

नमस्कार मंडळी. बंदुकीचा विषय निघाला की इथे धागा भरकटतो हे ठाऊक आहे, पण ऑगस्टअखेर सामानाचा ट्रक येतोय आणि मला उत्तर हवंय.

अकरा वर्षं डॅलसजवळ प्लेनोला आहे, ग्रीन कार्डवर. चार वर्षांपूर्वी मागच्या गल्लीत घरफोडी झाली, तेव्हा बायकोचा विरोध पत्करून ग्लॉक १९ पिस्तूल घेतलं. दुकानदाराने सोबत फेडरल कंपनीच्या १२४ ग्रेन एचएसटीची (पोकळ नाकाची, अंगात शिरली की फुलणारी गोळी) दोन खोकी दिली, एकेकात पन्नास काडतुसं. खोक्यावर 'लॉ एन्फोर्समेंट' छापलेलं. म्हटलं, हे तर पोलिसांचं, मला चालतं का? तो म्हणाला, तुझे पैसे मला चालतात ना, मग झालं. तेव्हापासून एक मॅगझिन भरून तिजोरीत आणि उरलेली काडतुसं कपाटात वरच्या फळीवर.

आता नोकरी एडिसनला. टाउनहाउस घेतलंय. आमच्या बेडरूमला लागून पलीकडे एक गुजराती कुटुंब राहतं, त्यांचं बाळ सहा महिन्यांचं. घर बघायला गेलो तेव्हा त्याचं रडणं स्पष्ट ऐकू आलं, यावरून भिंत केवढी ते समजा.

ऑफिसातला एक जण म्हणतो, न्यू जर्सीत ह्या गोळ्या सापडल्या तर थेट तुरुंग. दुसरा म्हणतो, घरात चालतात. खरं काय? आणि पोलिसांच्या म्हणून ह्या गोळ्या खरंच सरस असतात, की मी खोक्यावरच्या दोन शब्दांचे पैसे मोजले?

डेलावेअरपार

दोघेही बरोबर आहेत, आणि तीच तर गंमत आहे. नऊ वर्षं न्यू जर्सीत काढली, आता नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात राहतो. दर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर असतो. वकील नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी तिथल्या वकिलाला एक फोन करच.

खोक्यावर काय छापायचं ते कंपनीचं विक्रीखातं ठरवतं. पोलीस खात्यांना पन्नासची खोकी जातात, नागरिकांसाठी तीच गोळी वीसच्या देखण्या खोक्यात येते आणि दर काडतुसाला जास्त पैसे पडतात. तुझ्या दुकानदाराने तुला फसवलं नाही, उलट स्वस्तात दिलं. 'फक्त पोलिसांसाठी' असं छापलेलं खोकंही साध्या नागरिकाने घेऊ नये असा फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा नाही. फेडरल कायद्याची बंदी आहे ती पिस्तुलाच्या चिलखतभेदी काडतुसांवर, १९८६ पासून, आणि ती ठरते गोळीचा गाभा कशाचा आहे यावर: पोलाद, टंगस्टन, पितळ वगैरे. तुझ्या एचएसटीत तांब्याच्या कवचात शिसं आहे. तिचा त्या बंदीशी संबंध नाही.

मग हा 'फक्त पोलिसांसाठी' प्रकार रूढ कसा झाला? विंचेस्टरने १९९१ मध्ये 'ब्लॅक टॅलन' काढली. काळा मुलामा दिलेली गोळी, फुलली की कवचाच्या सहा पाकळ्यांची टोकं नखांसारखी बाहेर. नाव आणि रंग दोन्ही असे की टीव्हीवाल्यांना आयतं कोलीत मिळालं. सिनेटर मॉयनिहन त्यावर जबर कर लावायला निघाले. १९९३ मध्ये कंपनीने स्वतःहून ती सामान्य ग्राहकांना विकणं बंद केलं आणि पोलिसांपुरती ठेवली. काळ्या रंगामुळे ती जास्त घातक होत नव्हती, पण बोभाटा झाला तो झालाच. पुढे तीच कल्पना 'रेंजर' नावाने आली. तेव्हापासून 'पोलिसांची गोळी' म्हटलं की लोकांना काहीतरी दडवून ठेवलेलं अस्त्र वाटतं.

आता न्यू जर्सी. तिथे खोक्याकडे कोणी बघत नाही, गोळीच्या नाकाकडे बघतात. पोकळ नाकाची गोळी जवळ बाळगणं हा तिथे चौथ्या श्रेणीचा गुन्हा, अठरा महिन्यांपर्यंत कैद. मग अपवाद सुरू होतात: स्वतःच्या घरात किंवा जमिनीवर ठेवता येते, विकत घेतली तिथून घरी नेता येते, रेंजवर किंवा शिकारीला नियमाप्रमाणे नेता येते. म्हणजे तिजोरीत ठेवली तर कायदेशीर आणि खिशात घालून दूध आणायला गेलास तर गुन्हा. सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर न्यू जर्सीत पिस्तूल बाळगायचा परवाना साध्या माणसालाही मिळू लागला, पण त्या परवान्यावरसुद्धा रस्त्यावर पोकळ नाकाची गोळी चालत नाही.

तुझा खरा घोळ वेगळाच आहे. वरचे अपवाद पुन्हा वाच. एका घरातून दुसऱ्या घरी बिऱ्हाड हलवताना नेणं त्यात कुठे दिसतं का? ब्रायन एटकेन नावाच्या माणसाचं याच मुद्द्यावर अडलं. २००९ मध्ये तो कोलोरॅडोहून न्यू जर्सीला बिऱ्हाड हलवत होता, पिस्तुलं गाडीच्या डिकीत. आईने काळजीपोटी पोलिसांना फोन केला आणि पोरगा सात वर्षांच्या शिक्षेपर्यंत जाऊन पोचला. गव्हर्नर क्रिस्टींनी २०१० च्या डिसेंबरात शिक्षा कमी करून त्याला सोडवलं. अपील कोर्टाने २०१२ मध्ये पिस्तुलांचे आरोप रद्द केले, मात्र पोकळ गोळ्यांची शिक्षा तशीच ठेवली. माफी मिळायला २०१८ उजाडलं. आपल्या मुलाची काळजी वाटून फोन करणाऱ्या त्या आईचा विचार केला की मला अजून कसंतरी होतं.

तेव्हा ती शंभर काडतुसं न्यू जर्सीच्या हद्दीत नेऊच नकोस. प्लेनोतच रेंजवर उडव किंवा मित्राला दे.

आणि तू विचारलं नाहीस ते: ग्लॉक १९ बरोबर पंधरा काडतुसांची मॅगझिन आली असतील. न्यू जर्सीत मर्यादा दहाची. तीही टेक्सासलाच सोड. नव्या रहिवाशाने साठ दिवसांत ओळखपत्र काढून पिस्तुलाची नोंद करायची असते. ते ओळखपत्र नसेल तर पिस्तुलाची काडतुसंही मिळत नाहीत.

खडकीकर

धागा माझ्या प्रांताबाहेरचा. मी खडकीच्या काडतूस कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, मुलगा एडिसनलाच असतो म्हणून डोकावलो. डेलावेअरपार यांनी लिहिलेला न्यू जर्सीचा कायदा मुलाकडून मागवून वाचला, आणि त्यात चक्क 'डमडम' हा शब्द दिसला!

डमडम म्हणजे आपलं कलकत्त्याचं डमडम. विमानतळ आहे तेच. तिथल्या शस्त्रकारखान्यात १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी ली-मेटफर्ड रायफलसाठी टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी बनवली. सरहद्दीवरच्या लढायांत पूर्ण कवचाची गोळी माणसातून आरपार जाते आणि तो थांबत नाही, अशी इंग्रजी अधिकाऱ्यांची तक्रार होती. पुढे १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात फुलणाऱ्या गोळ्यांना युद्धात बंदी घातली. ती बंदी लढाईपुरती, पोलिसांना आणि घरमालकांना लागू नाही. पण कलकत्त्याच्या एका उपनगराचं नाव ट्रेन्टनच्या (न्यू जर्सीची राजधानी) कायद्यात जाऊन बसलं, याची मला मौज वाटली.

भारतात हा प्रश्नच उद्भवत नाही. ९ मिलिमीटर निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या मापात येतं, त्यामुळे साध्या परवान्यावर माणूस .३२ वरच समाधान मानतो.

प्लेनोकर, मुलगा तुमच्या गावातच आहे, काही लागलं तर सांगा. पण पिस्तुलाबाबत सुनबाईंचं मत तुमच्या पत्नीसारखंच आहे.

प्लेनोकर

काका, धन्यवाद! डेलावेअरपार, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, ती दोन दिवस 'मी सांगत होते' म्हणते आहे. पण भिंतीचं उत्तर राहिलं: गोळी पलीकडे त्या बाळापर्यंत जाईल का?

डेलावेअरपार

राहिलं खरं. वहिनींना माझा नमस्कार.

ह्या गोळ्यांची परीक्षा कुठून आली ते आधी सांगतो. ११ एप्रिल १९८६, मायामी. एफबीआयची दोन बँक-लुटारूंशी चकमक झाली, दोन एजंट मेले. प्लॅट नावाच्या लुटारूला सुरुवातीलाच ९ मिलिमीटरची गोळी लागली होती. दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या इंचभर अलीकडे थांबली. जीवघेणी जखम घेऊन तो कितीतरी वेळ गोळ्या झाडत राहिला. त्यानंतर एफबीआयने कसोटी ठरवली: दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी बारा ते अठरा इंच जायला हवी. नुसती नाही, तर जाड कपडे, पत्रा, जिप्सम बोर्ड, प्लायवूड आणि गाडीची पुढची काच यांतून गेल्यावरही. एचएसटी, गोल्ड डॉट ह्या गोळ्या पोलीस खात्यांत रुजल्या त्या ह्या कसोटीवर उतरून. म्हणून हो, माल चांगला आहे.

पण काच आणि पत्रा कशासाठी? पोलिसाला गाडीतल्या माणसावर गोळी झाडावी लागू शकते. तुला तुझ्या जिन्यावर कुठली काच लागणार आहे? तुझ्या कामाचा भाग म्हणजे जाड कपडे. स्वस्त पोकळ गोळीच्या तोंडात जॅकेटचा कापूस बसतो, ती फुलत नाही आणि साध्या गोळीसारखी आरपार जाते. हे एचएसटीत सहसा होत नाही.

न्यूयॉर्क पोलीस १९९८ मध्ये पूर्ण कवचाच्या गोळ्या सोडून पोकळ नाकाकडे वळले ते मागच्या माणसाला वाचवायला. कवचाची गोळी संशयितातून पार होऊन भलत्यालाच लागत होती. म्हणजे पलीकडे कोणी असेल तर पोकळ गोळी बरी, पण ती माणसाला लागली तर! नेम चुकला की ती भिंतीच्या जिप्सम बोर्डाला लागते, पोकळीत चुन्यासारखी भुकटी गच्च बसते, आणि पुढे ती साध्या गोळीसारखीच जाते. मी त्या बोर्डाच्या दोन पाट्या उभ्या करून स्वतः मारून बघितलंय. भोक बोटाएवढं, आणि पलीकडचा पाण्याचा कॅन फुटलेला. त्या बाळाच्या दिशेने कुठलीच पिस्तुलाची गोळी सुरक्षित नाही. घरात रात्री कुठे उभं राहायचं, तोंड कुठल्या भिंतीकडे असेल, ते दिवसाउजेडी हातात काही न घेता चालून ठरव. जमत नसेल तर पिस्तूल तिजोरीतच बरं, आणि दाराला चांगलं कुलूप लाव.

तरी घ्यायचीच तर हॉर्नडीची 'क्रिटिकल डिफेन्स' बघ. पोकळीत लाल पॉलिमर भरलेलं असतं, म्हणून न्यू जर्सी स्टेट पोलीस तिला पोकळ नाकाची धरत नाहीत. 'क्रिटिकल ड्यूटी' हा त्यांचाच पोलिसी अवतार, काच-पत्र्यासाठी बांधलेला, आणि तोही नागरिकाला मिळतो. तुला पहिली पुरे.

नवीन_आयडी

मी H-1B वर आहे, पार्टनरबरोबर रेंजवर जाते. एक खोकं घरी आणून ठेवलं तर चालेल का?

डेलावेअरपार

ताई, नको. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगायला फेडरल बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना हा अपवाद आहे आणि बरेच जण तेवढ्यासाठी तो काढतात. रेंजवर भाड्याने घेतलेलंही 'बाळगणं'च, हे लक्षात ठेवा. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्लेनोकर

अपडेट. शनिवारी रेंजवर शंभरच्या शंभर संपवली. तिसऱ्या मॅगझिनपर्यंत हात थरथरत होता, चार वर्षांत पहिल्यांदाच ही काडतुसं उडवली हे कबूल करतो. पंधराची मॅगझिन मित्राकडे सोडली, दहाची दोन मागवली.

रेंजची पाठपिशवी तीच, जी घेऊन दर डिसेंबरात पुण्याला येतो. काल झटकली तर तळाच्या शिवणीतून एक काडतूस पडलं.

डेलावेअरपार

ती पिशवी फेकून दे. भारतातल्या विमानतळावर एक काडतूस सापडलं तरी आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवतात. 'जाणूनबुजून बाळगलं नव्हतं' हे कोर्ट मान्य करतं, पण हायकोर्टात जाऊन गुन्हा रद्द करून घेईपर्यंत तुझी अख्खी रजा संपलेली असेल.

खडकीकर

पिशवी फेकली का?

प्लेनोकर

फेकली काका. बायकोने स्वतः नेऊन कचऱ्यात टाकली.