शब्दचर्चा : 'आम्ही', 'आपण' आणि ओजिब्वेतला 'गि'

परवा लेक म्हणाली, "बाबा, आम्ही जेवायला बसूया का?" म्हटलं, "बसा. मी उभाच राहतो." इंग्रजी शाळेत 'वी' एकच, म्हणून घरात ही खिचडी. हिंदीचंही 'हम'वर भागतं. गुजराती, तेलुगूत मात्र आपल्यासारखा फरक आहे. भारताबाहेर कुठे आढळतो का?

प्रतिसाद : आढळतो की! अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या सुपीरियर सरोवराभोवती, मिनेसोटा-विस्कॉन्सिनपासून ओंटारिओपर्यंत बोलली जाणारी ओजिब्वे ही तिथल्या मूलनिवासींची भाषा घ्या. 'निवीसिन' म्हणजे मी जेवतो, 'गिवीसिन' म्हणजे तू जेवतोस. आता 'निवीसिनिमिन' म्हणजे आम्ही जेवतो आणि 'गिवीसिनिमिन' म्हणजे आपण जेवतो. 'आपण'मध्ये तू आलास, की 'गि' पुढे आलाच. गंमत म्हणजे 'मी तुला पाहतो' हेसुद्धा 'गिवाबमिन'. पाहणारा मी, पण क्रियापदाच्या दारात आधी तू! निरोप घेतानाही 'गिग-वाबमिन' म्हणतात, म्हणजे 'तुला भेटेनच'. आपण नाही का, निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणत!

बरागा नावाच्या मिशनऱ्याचा ओजिब्वे कोश 1853 सालचा. आता मिनेसोटा विद्यापीठाच्या ऑनलाइन कोशात ज्येष्ठांच्या आवाजात शब्द ऐकता येतात. अमेरिकेच्या बाजूला ही मातृभाषा असलेले बहुतेक जण आजी-आजोबांच्या वयाचे आहेत, म्हणून ध्वनिमुद्रणाची घाई. पण माझ्या मते नुसते सुटे शब्द विचारून भागत नाही. एखाद्या आजींना इंग्रजीतून विचारलं, "'वी ईट' कसं म्हणाल?" त्या एक रूप सांगतील. ते 'आम्ही'चं की 'आपण'चं, विचारणाऱ्याला पत्ता नाही. त्याच आजी मैत्रिणीबरोबर जेवता जेवता बोलत असतील, तर दोन्ही आपसूक येतील.

बारक्या शब्दांचंही तसंच. 'दश' म्हणजे कोशात 'आणि, पण'. बोलताना तो वाक्याच्या सुरुवातीला कधीच येत नाही. आपल्या 'तर'सारखा पहिल्या शब्दामागे चिकटतो. आणि 'गिगिकेन्दान न?' म्हणजे 'तुला माहीत आहे का?' यातला 'न' म्हणजे आपला 'का'.

प्रतिसाद : 'आपण'चं प्रकरण इतकं सरळ नाही हो. "आपण कुठले?" यात मी नाहीच. आणि आमच्या गिरगावात "आपण नाय घाबरत कोणाला" म्हणणारा एकटाच असतो.

प्रतिसाद : खरंय. त्या 'आपण'ला 'गि' लावायचा की 'नि', ते आधी गिरगावकराला विचारा!