उंचीच्या रंगीत टाइल्स: बेळगावच्या सपाट शिवारात बारा-तेरा मीटरची भिंत का उभी राहते?

प्रश्न – शिवारफेरी

नमस्कार. पावसाने जोर धरला की बळ्ळारी नाल्याचे पाणी येळ्ळूर-शहापूरच्या भातशेतीत शिरते आणि आठवडाभर हटत नाही. ते कोठून चढते आणि कोठे साचते हे शेतकऱ्यांना मोबाइलवर पाहता यावे, यासाठी मी उंचीचा त्रिमितीय नकाशा तयार करीत आहे. एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या रडार-मोजणीतील, तीस मीटरच्या एकेका चौकोनाची उंची घेतली, मॅपबॉक्स या नकाशा-सेवेच्या सूत्राने तिचे रंगीत पीएनजी चित्र केले आणि मग त्या चित्राचे वेब नकाशाच्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट चित्रावर मांडण्याच्या पद्धतीत) रूपांतर करून टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, पाडले. कणकुंबीकडचे डोंगर बरे दिसतात. परंतु जेथे जमीन हाताच्या तळव्यासारखी सपाट आहे, त्या आमच्या शिवारातून बारा-तेरा मीटर उंचीची एक नागमोडी भिंत गेलेली दिसते. तेथे बांधाखेरीज काहीच नाही. मूळ डेटा उघडून पाहिला, तर त्यातही भिंत नाही. चूक कोठे होत असावी?

उत्तर १ – समोच्चरेषा

आपण ज्या क्रमाने काम केले, त्या क्रमातच दोष आहे. या सूत्रात उंचीत दहा हजार मिळवून त्या बेरजेचे दशांश मीटर करतात आणि आलेली संख्या लाल, हिरवा व निळा अशा तीन घरांत मांडतात. प्रत्येक घरात ० ते २५५ एवढेच मावते. निळ्यातील एक म्हणजे दहा सेंटिमीटर, हिरव्यातील एक म्हणजे २५.६ मीटर आणि लाल रंगातील एक म्हणजे ६,५५३.६ मीटर.

आता आपल्याच शिवाराचे उदाहरण घ्या. ७५१ मीटर उंचीचा रंग (१, १६३, २४६) होतो, तर ७५२ मीटरचा (१, १६४, ०). निळे घर भरले, हातचा हिरव्याकडे गेला. हे दोन पिक्सेल शेजारी असताना प्रक्षेपण बदलताना सॉफ्टवेअरने त्यांची सरासरी काढली, तर निळा १२३ येतो, हिरवा १६३.५ येतो आणि अपूर्णांक ठेवायला जागा नसल्याने तो १६४ केला जातो. (१, १६४, १२३) म्हणजे ७६४.३ मीटर. खरे उत्तर ७५१.५ होते. आपली भिंत ही अशी उभी राहिली. बेळगावचा परिसर नेमका साडेसातशे मीटरच्या आसपास असल्यामुळे हातच्याची ही रेषा आपल्या शेतांतून जाते. डोंगरातही ती दर २५.६ मीटरला असते, फक्त उतारात लपते.

म्हणून आधी मूळ उंचीचेच प्रक्षेपण बदलावे, प्रत्येक झूम पातळीसाठी सरासरीही उंचीचीच काढावी आणि रंग अगदी शेवटी द्यावा. रंग दिल्यानंतर चित्राला हात लावावाच लागला, तर जवळचा पिक्सेल जसाच्या तसा उचलणारी पद्धतच वापरावी. जेपीईजी किंवा तपशील गाळणारे वेबपी कधीही वापरू नये. डोळ्याला न कळणारा रंगातील फरक येथे टेकडी उभी करतो.

उत्तर २ – मार्कंडेयकाठ

मॅपबॉक्सऐवजी टेरेरियम ही उंची रंगांत मांडण्याची दुसरी पद्धत घेतली की सुटका होते, असे वाटू शकते; तसे नाही. तेथे हिरव्यातील एक म्हणजे एक मीटर, त्यामुळे ७५२ ला भिंत येणार नाही. मात्र लाल रंगातील एक म्हणजे २५६ मीटर असल्याने ७६७ आणि ७६८ मीटर यांच्या सरासरीतून ८९६ मीटर निघतात. आपल्याकडे एवढी चढण थोड्या अंतरावर असतेच. ब्राउझरमध्ये उंची वाचतानाही हेच पाळावे: टेक्स्चर (ब्राउझरने वाचलेले टाइलचे चित्र) गुळगुळीत करणे बंद ठेवून आधी रंगाची संख्या करावी आणि मग शेजारच्या संख्यांची सरासरी काढावी.

शिवारफेरी

आपणा दोघांचे मनापासून आभार. आधी प्रक्षेपण आणि शेवटी रंग, या क्रमाने टाइल्स पुन्हा पाडल्या, भिंत गेली. आता दहा सेंटिमीटरपर्यंतचा उतार दिसतो आहे, तेव्हा कोणाच्या शेतात किती पाणी चढेल हे सांगता येईल ना?

उत्तर ३ – समोच्चरेषा

कृपया तसे सांगू नये. दहा सेंटिमीटर ही रंगाच्या घरांची बारकाई आहे, मोजणीची नव्हे. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातील रडारने अकरा दिवसांत झाली, तिच्यातील उंची पूर्ण मीटरमध्ये दिलेली आहे आणि अचूकतेचे उद्दिष्टच १६ मीटरच्या आतील चूक एवढे होते. दाट झाडीत रडारला बहुधा जमीन न दिसता झाडांचा शेंडा दिसतो, म्हणून जांबोटी-कणकुंबीच्या जंगलातील उंची जास्तच येते. शिवारात झाडी कमी असली, तरी बांध आणि नाल्याचे पात्र तीस मीटरच्या एका चौकोनात विरून जातात. पाणी मात्र हातभर बांधाने अडते.

आपला नकाशा पाणलोट कोणत्या बाजूने उतरतो हे दाखवण्यास पुरेसा आहे. शेतनिहाय आकडा हवा असेल, तर नाल्याच्या दोन्ही काठांवर आणि मुख्य बांधांवर लेव्हल (मोजणीदारांचे उंची मोजण्याचे यंत्र) लावून उंची मोजून घ्यावी. ते बिंदू मूळ उंचीत मिसळून न टाकता नकाशावर वेगळा थर म्हणून ठेवावेत. गेल्या पावसात पाणी कोठवर आले होते त्या खुणा शेतकऱ्यांना ठाऊक असतात. त्यांचीही उंची त्याच वेळी घ्यावी.