'विलीन' की 'सांधलेली'? ओझोनच्या नोंदींसाठी शब्द हवा आहे

कोरांटी
एका विज्ञान मासिकासाठी ओझोनवरचा लेख मराठीत आणते आहे. १९८४ पासूनच्या निरनिराळ्या उपग्रहांची मोजमापं जोडून केलेली एक लांबलचक मालिका, म्हणजे 'मर्ज्ड रेकॉर्ड'. मी 'विलीन नोंद' लिहिलं. संपादकांनी खाली रेघ मारली: "संस्थानं विलीन होतात, नोंदी नाही." मग काय लिहू? आणि 'ड्रिफ्ट'ला, म्हणजे उपकरणाचं मोजमाप हळूहळू सरकत जातं त्याला?

पारवा
संपादकांचं बरोबर आहे. विलीन झालं की मूळचं वेगळं ओळखू येत नाही. इथे तर कोणता आकडा कुणाचा ते शेवटपर्यंत कळायला हवं. ओझोन मोजणारं उपग्रहावरचं 'सेज-२' हे उपकरण ऑगस्ट २००५ मध्ये बंद पडलं, 'ऑरा' उपग्रहावरचं तसंच दुसरं उपकरण 'एमएलएस' जुलै २००४ मध्ये वर गेलं. दोघांनी एकाच वेळी मोजलं ते जेमतेम वर्षभर. तेवढ्या वर्षावर दोन मालिकांचा जोड उभा आहे. कुणाला शंका आली तर तो उसवून बघता आला पाहिजे.
'सांधलेली' म्हणा. आमच्या घरी हातमाग होता. जुना ताणा संपत आला की आजी बोटांना राख लावून नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पिळायची. तो जोड बोटाला लागायचा.

नीरक्षीर
तुटलेलं असतं ते सांधतात. इथे काय तुटलंय? परिभाषेत 'एकत्रीकृत' हा शब्द आहे, तोच वापरावा.

गवतीचहा
तुटलेलंच आहे हो. 'सेज-२' उंचीनुसार सांगतं, दर घनसेंटिमीटरमध्ये ओझोनचे रेणू किती. 'एमएलएस' दाबानुसार सांगतं, हवेत ओझोनचं प्रमाण किती. एकातून दुसऱ्यात जायला तापमान लागतं, आणि स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा ओझोन असलेला वरचा थर, गेली काही दशकं थंड होत आलंय. तापमानाचे आकडे चुकले की ओझोनचा कलही चुकतो. म्हणून बरेच जण प्रत्येक उपकरणाच्या आकड्यांतून त्याचीच मासिक सरासरी वजा करतात आणि उरलेले फरक सांधतात.
वडिलांचं किराणा दुकान होतं. तराजूचं एक पारडं जड, म्हणून हलक्या पारड्याला तारेत ओवलेला खडा बांधलेला असे. तो पासंग. दोन उपग्रहांमधला कायमचा फरक म्हणजे हाच पासंग!

कोरांटी
पासंग फारच आवडला, पण तो ठरलेला असतो. ड्रिफ्ट वर्षागणिक वाढत जातो. वरच्या स्थितांबरात २००० नंतर ओझोन दशकाला साधारण १ ते ३ टक्के वाढतोय. उपकरणच दशकाला २ टक्के सरकलं तर वाढ ओझोनची की उपकरणाची? ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांना आळा घालणाऱ्या १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराचं फळ मिळतंय का, हे वाचकाला या एका शब्दातून समजायचंय.

पारवा
'ढळ' घ्या. काटा ढळतो, तोल ढळतो.

देशावर
मग कक्षेला काय म्हणाल? अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान-सागर संस्थेच्या काही उपग्रहांची विषुववृत्त ओलांडायची वेळ दुपारवरून संध्याकाळकडे सरकत गेली. वरच्या थरात ओझोन दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतो, म्हणजे तिथेही खोटा कल दिसू शकतो. दोन्हींना 'ढळ' म्हटलं तर घोटाळा होईल. कक्षेची 'ढळ', उपकरणाची 'झीज'.

नीरक्षीर
झीज म्हणजे कमी होणं. उपकरण जास्तही दाखवू शकतं. आणि पासंग फारसी आहे. 'तुलाभेद' का नको?

गवतीचहा
'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' हे घराघरांत म्हणतात, आणखी किती मराठी व्हायचं त्या शब्दानं? ओझोन तरी कुठला? रसायनशास्त्रज्ञ शोनबाइननं ग्रीक 'ओझेइन'वरून, म्हणजे 'वास येणे' यावरून नाव ठेवलं. वीज चमकून गेल्यावर येणारा तो वास.

देशावर
त्या वासाला मराठीत शब्द आहे का? झेरॉक्सच्या जुन्या यंत्राजवळही यायचा.

पारवा
आमच्याकडे 'जळकट' म्हणत.

कोरांटी
जळकटमध्ये धूर आला. हा वास थंड असतो, नाकाच्या शेंड्याला टोचतो. कोकणात कुणी वेगळं काही म्हणतं का?