कतारला 'लॉटरी लागली' म्हणणाऱ्यांसाठी

दोहाकर
काल 'सह्याद्रीपुत्र' यांनी लिहिलं, "कतारचं कर्तृत्व काय? वाळूखाली वायू होता, काढला, विकला." राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

वायू वाळूखाली नाही, समुद्राखाली आहे. १९७१ साली नॉर्थ फील्ड हे वायूक्षेत्र सापडलं तेव्हा शोधत होते तेल. वायू निघाला म्हणून कोणी पेढे वाटले नाहीत. तेल टँकरमध्ये भरून कुठेही नेता येतं. वायूला पाइपलाइन तरी लागते, नाहीतर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करावा लागतो. म्हणजे कारखाना, बंदर, खास जहाजं, आणि पलीकडे माल उतरवून घेणारं टर्मिनल. यातली एक वीट रचण्याआधी वीस-पंचवीस वर्षं माल उचलायची लेखी हमी देणारं गिऱ्हाईक हवं. असा द्रवरूप वायू विकणारी कतारगॅस कंपनी १९८४ ला स्थापन झाली, १९९२ मध्ये भागीदार असलेली ब्रिटिश तेलकंपनी बीपी सोडून गेली, त्याच वर्षी जपानच्या चुबू इलेक्ट्रिकने करार केला, आणि पहिलं जहाज निघालं १९९६ च्या डिसेंबरात. कर्ज काढून रास लफान हे वायूच्या कारखान्यांचं बंदर उभं केलं. २०१० पर्यंत क्षमता वर्षाला ७७ दशलक्ष टन! त्याच साठ्याचा दुसरा भाग, साउथ पार्स, इराणकडे आहे. नशीब तेच. एलएनजीचं, म्हणजे त्या द्रवरूप वायूचं, एक जहाज तरी भरलं का त्यांनी?

सह्याद्रीपुत्र
इराणवर निर्बंध आहेत, ते गाळून कसं चालेल? कतारमध्ये अल उदेदला अमेरिकेचा तळ आहे. पैसा आणि तंत्र मोबिल या अमेरिकी तेलकंपनीने आणलं. नागरिक जेमतेम तीन लाखांच्या घरात. एवढा पैसा एवढ्यांत वाटला तर कुठलाही देश श्रीमंत होईल.

हिशेबी
या व्यवसायात उमेदीची वर्षं घालवली आहेत, म्हणून बोलतो. भारताचा कतारशी १९९९ चा करार, वर्षाला ७५ लाख टन, २००४ पासून माल गुजरातेत दहेजला. २०१५ मध्ये बाजारभाव कोसळले आणि आपण माल कमी उचलला. 'उचला नाहीतर पैसे भरा' या कलमाने सुमारे १२,००० कोटी रुपये दंड बसत होता. कतारने तो सोडला, भावाचं सूत्रही बदललं. तो उदारपणा नव्हता, धंद्याची समज होती. २०२४ मध्ये तोच करार २०४८ पर्यंत वाढला.

आणि आपण? दाभोळचं टर्मिनल बघा. लाटा अडवणारा बांध, म्हणजे ब्रेकवॉटर, अर्धवट होता, म्हणून वर्षानुवर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नव्हतं. यावर कोणी धागा काढत नाही.

खेडवाला
दाभोळ राहू द्या. रास लफान 'उभं केलं' म्हणता, ते कोणी? माझा धाकटा भाऊ तिथे शटडाऊनच्या, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या, कामांवर स्कॅफोल्डर (परांची बांधणारा) होता, मजूर पुरवणाऱ्या सप्लाय कंपनीकडून. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. पगार अडकले. दुसरीकडे काम मिळत होतं, तर कंपनी एनओसी, म्हणजे नोकरी बदलायला ना-हरकत पत्र, देईना. शेवटी घरी आला, आणि तेव्हाच्या नियमाने दोन वर्षं परत जायची बंदी. घरावर एजंटचं कर्ज तसंच. तुमच्या ७७ दशलक्ष टनांत हे कुठे धरलंय?

दोहाकर
भावाचं वाईट झालं. पण ते जुनं आहे. २०२० मध्ये एनओसीची अट गेली, २०२१ पासून किमान वेतन १,००० रियाल, उन्हाळ्यात दहा ते साडेतीन बाहेरचं काम बंद. मी इथेच राहतो, डोळ्यांनी बघतो.

खेडवाला
तुम्ही एसी ऑफिसातून बघता! कायदा आधीही होता. पासपोर्ट ठेवून घेणं तेव्हाही बेकायदाच होतं, तरी ठेवत होते. मजुराला तक्रार करायची तर दिवसाची हजेरी बुडते, वर घरी पाठवतील ही भीती.

दोहाकर
माझ्या ऑफिसावर घसरू नका. मीही मजुरांच्या कॅम्पातच सुरुवात केली होती.

मीठभाकर
दोघेही कतारवरच भांडताय. भावाला कर्जात घातलं ते आपल्याकडच्या एजंटने. एजंटने घ्यायच्या फीची सरकारी मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी. आमच्या वाडीत एकानेही एवढ्यात व्हिसा घेतलेला नाही. बायकांचे दागिने गहाण पडतात, पोरगा तिथे उतरतो तोच दबलेला. मग तो एनओसी मागेल कशाला?

खेडवाला
एजंट चोरच आहेत, वाद नाही. पण त्याने घेतलेल्या पैशात तिकडच्या कंपनीतल्या माणसाचाही वाटा असतो.

सह्याद्रीपुत्र
माझा मुद्दा कुठच्या कुठे गेला. बरं, नियोजन होतं, तेवढं मानतो. पण ते परक्यांच्या घामावर पार पडलं, हे दोहाकरांनी पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं.

हिशेबी
आता क्षमता २०३० पर्यंत १४२ दशलक्ष टनांवर न्यायची आहे. म्हणजे पुन्हा हजारो वेल्डर, फिटर लागणार.

खेडवाला
मग आपण पुढची वीस वर्षं माल उचलायची हमी देतोय, तेव्हाच मागा ना: भरतीचा सगळा खर्च मालकाचा, आणि एजंटने घेतलेला पैसा परत. दंड माफ करून घेता येतो, तर हेही मागता येतं.