मदत हवी आहे: फाट्यांच्या मीटरांची बेरीज मुख्य मीटरपेक्षा जास्त येते

सावदेकर: सामाईक विहीर, रावेर तालुका. मुख्य पाइप ४ इंची, पाच फाटे ३ इंची, केळी ठिबकवर. पाच मीटरांची बेरीज पंपाजवळच्या मीटरपेक्षा १५ टक्के जास्त. बिल वाटायचंय, रोज वाद. कोणता मीटर खोटा? लवकर सांगा.

तापीकाठ: मीटर पंख्याचे का, म्हणजे आत पाण्याने पंखा फिरून मोजणारे? पाणी बारीने देता की सगळ्यांना सोबत? व्हॉल्व्ह मीटरच्या आधी की नंतर?

वायरमनभाऊ: पंख्याचे काढा, इलेक्ट्रोमॅग्नेटिक बसवा. फिरता भागच नाही, वाळूने झिजत नाही.

चोपडा_शिवार: पाइप अर्धा भरला तर तोही खोटंच सांगतो भो. वर वीज आणि अर्थिंग. पाच ठिकाणी कोण करणार?

गिरणाथडी: चारीवर पार्शल फ्ल्यूम (उघडं वाहतं पाणी मोजायची अरुंद गळ्याची नाली) बांधा. १ फुटी गळ्याला खालची पातळी वरच्या पातळीच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर दोन्ही पट्ट्या वाचाव्या लागतात.

सावदेकर: आबा, विहीर लिहिलंय, चारी नाही! पंख्याचेच मीटर, बारीने पाणी. व्हॉल्व्ह मीटरच्या आधी, चिकटून. मीटर बांधावर, उंचावर.

तापीकाठ: मग घोळ तिथेच. बारी संपली की व्हॉल्व्हपुढचं पाणी ड्रिपरमधून निथळतं, पाइपात हवा भरते. पुढच्या बारीला पाइप पूर्ण भरेपर्यंत अर्धवट भरल्या पाइपातून पाणी जोरात धावतं, पंखा गरगर फिरतो आणि मीटर जास्त मोजतो. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हची तिरकी धारही पंख्याला चुकवते. व्हॉल्व्ह मीटरच्या पुढे न्या. मीटरआधी व्यासाच्या १० पट, म्हणजे ८० सेंमी सरळ पाइप. नंतर ४० सेंमी, मग व्हॉल्व्ह. एअर व्हॉल्व्ह (हवा बाहेर सोडणारा) मीटरच्या आधी. गॅस्केट (जोडातली रबरी चकती) पाइपात आत डोकावत नाही ना, तेही बघा.

चोपडा_शिवार: मुख्य मीटर खरा कशावरून? वाळूने बेअरिंग धरलं की तो कमीच दाखवतो. हौदात मोजा. ३ बाय २ मीटरच्या हौदात पाणी ५० सेंमी चढलं की ३ घनमीटर. पाइप भरून वाहायला लागल्यावरच पहिलं रीडिंग घ्या, व्हॉल्व्ह रोजच्याइतकाच उघडा. फाट्याच्या मीटरवर ३.३ आलं तर धारेचा दोष, ३ आलं तर हवेचा नाहीतर मुख्य मीटरचा. मुख्य मीटरही त्याच हौदावर तपासा.

केळीवाला: टिश्यूची रोपं कुठली लावली दादा?

सावदेकर: ते नंतर. हौद गोल आहे, चालेल?

चोपडा_शिवार: चालेल. व्यास आतून मोजा, भिंतीची जाडी धरू नका. व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले चढलेली उंची, सगळं मीटरमध्ये.